जलतरण-तलावातील पाण्याचे परीक्षण व समतोल

जलतरण-तलावातील पाणी पोहणाऱ्यांच्या आरोग्यास निर्धोक, डोळ्यांस व त्वचेस सुसह्य आणि तलावाच्या बांधणीस अपाय न करणारे असावे लागते. त्यासाठी पाण्यातील काही घटकांचे नियमित मापन करणे यास परीक्षण आणि त्या घटकांची प्रमाणे योग्य मर्यादेत आणून तेथे टिकविणे यास समतोल राखणे असे म्हणतात. अवशिष्ट क्लोरीन, पीएच मूल्य, एकूण क्षारता, कॅल्शियमजन्य कठिनता, तापमान व विरघळलेले एकूण घन पदार्थ हे यांतील प्रमुख घटक होत.

पिण्याचे पाणी शुद्ध करून एकदा वापरले जाते. तलावातील पाणी मात्र तेच ते पुन:पुन्हा वापरात राहते. उतरणाऱ्या प्रत्येक व्यक्तीबरोबर त्यात घाम, मूत्र, त्वचेचे कण, तेल व जंतू यांची भर पडते. यामुळे तलावाचे पाणी एकदा शुद्ध केले की काम संपले, असे होत नाही. पाण्यात किती जंतुनाशक घातले यापेक्षा ते खर्ची पडून किती शिल्लक राहिले, हा प्रश्न येथे महत्त्वाचा असतो. हा प्रश्न मानवाला नेमकेपणाने विचारता येऊ लागला त्यास फार तर सव्वाशे वर्षे झाली आहेत. त्यापूर्वीची कसोटी डोळ्यांची होती. पाणी नितळ दिसले की ते चांगले मानले जाई.

कुंडे व पायविहिरी : सार्वजनिक स्नानासाठी बांधलेल्या तलावाचे एक प्राचीन उदाहरण मोहें-जो-दडो येथील महास्नानगृह (इ. स. पू. सु. २५००) हे होय. सु. १२ मी. लांब, ७ मी. रुंद व २·४ मी. खोल असलेल्या या विटांच्या तलावास डांबराचा थर देऊन गळती थोपविलेली होती. त्यात पाणी भरण्यासाठी जवळच विहीर होती आणि ते काढून टाकण्यासाठी मोठे गटार होते. पाणी स्वच्छ राखण्याचा उपाय म्हणजे ते बदलणे, हे तत्त्व या रचनेतच दिसते.

महाराष्ट्रात ही परंपरा कुंडे, बारवा व पायविहिरी यांच्या रूपाने टिकून राहिली. नासिक जिल्ह्याच्या कळवण तालुक्यातील सप्तशृंगगडावर सूर्यकुंड, कालिकाकुंड इ. कुंडे आहेत. चैत्री यात्रेस व नवरात्रात या गडावर मोठा जनसमुदाय लोटतो. अशा ठिकाणी थोड्या पाण्याचा अनेकांकडून अल्पकाळात वापर होतो आणि जलतरण-तलावाच्या व्यवस्थेपुढील मूळ प्रश्न येथेही तोच असतो.

ज्या पाण्यात माणसे उतरतात तेच पाणी पिण्यासाठी वापरल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे नारू हा रोग. रुग्णाने पायविहिरीत पाय बुडविला की कृमीची पिले पाण्यात सुटत व पाण्यातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या शरीरात वाढत. ते पाणी पिणाऱ्यास वर्षभरानंतर नारू होई. पाणी वरून नितळच दिसत असे. पायऱ्या बंद करून पायविहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, पाणी वस्त्रगाळ करणे इ. उपायांनी हा रोग आटोक्यात आला. भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये नोंदला गेला आणि २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

नितळपणाची कसोटी : पाणी निवळण्याच्या रीती भारतात प्राचीन काळापासून ज्ञात होत्या. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणारे सात पदार्थ सांगितले असून त्यांत कतक म्हणजे निवळी, कमळाचे कंद, शेवाळाची मुळे, वस्त्र, मोती इत्यादींचा समावेश आहे. निवळीचे बी मडक्याच्या आतील बाजूस उगाळण्याची आणि पाण्यातून तुरटी फिरविण्याची रीत महाराष्ट्रातील घराघरांत होती. या पदार्थांमुळे पाण्यातील मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन त्यांच्या गुठळ्या बनतात व त्या तळाशी बसतात. आधुनिक जलशुद्धीकरण केंद्रातही तुरटीचे हेच कार्य असते. गाळाबरोबर काही जंतूही खाली बसतात, परंतु सर्व नव्हे. उरलेले जंतू निवळलेल्या पाण्यात दिसत नाहीत, इतकेच.

एकोणिसाव्या शतकात या समजुतीस धक्का बसला. १८५४ मध्ये लंडन येथील पटकीच्या साथीचा संबंध एका विशिष्ट पंपाच्या पाण्याशी असल्याचे जॉन स्नो यांनी दाखवून दिले. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांना कलकत्ता येथील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचे जंतू आढळले. आंघोळ, धुणी व पिणे या सर्वांसाठी लोक तेच तळे वापरीत असत. यानंतर भारतात विहिरींच्या शुद्धीकरणाकडे लक्ष गेले. आग्रा येथील रसायन परीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हँकिन यांनी विहिरींत पोटॅशियम परमँगॅनेट टाकण्याचा पुरस्कार केला. या पदार्थाने पाणी गुलाबी होते व त्यातील सेंद्रिय द्रव्याशी विक्रिया होताना रंग नाहीसा होतो. रंग टिकून राहिला, तर औषध शिल्लक आहे असे समजत. शिल्लक मोजण्याची ही एक प्राथमिक रीत म्हणता येईल. तथापि या औषधाची जंतुनाशक शक्ती भरवशाची नसल्याने पुढे ते मागे पडले.

क्लोरीन व त्याची शिल्लक : क्लोरीन वायू कार्ल शेले यांनी १७७४ मध्ये प्रथम मिळविला व ते मूलद्रव्य असल्याचे ओळखून १८१० मध्ये हंफ्री डेव्ही यांनी त्यास हे नाव दिले. चुन्यात क्लोरीन शोषून विरंजक चूर्ण (कापड शुभ्र करण्याची भुकटी) बनविण्याचे एकस्व चार्ल्स टेनंट यांना १७९९ मध्ये मिळाले होते. कापडगिरण्यांतील हे चूर्ण शतकभराने पाण्याच्या कामी आले. इंग्लंडमधील मेडस्टन येथे १८९७ मध्ये विषमज्वराची साथ आली असता त्याने नळ निर्जंतुक करण्यात आले. लिंकन येथे १९०५ मध्ये अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी पाणीपुरवठ्याचे सलग क्लोरिनीकरण केले. अमेरिकेत जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये जॉन लील यांनी ते कायम स्वरूपात सुरू केले.

यूरोपातील सार्वजनिक स्नानतलाव तोपर्यंत ‘भरा व रिता करा’ या रीतीने चालत. आठवड्यातून एकदोनदा पाणी बदलीत आणि ताज्या पाण्याच्या दिवशी प्रवेशशुल्क अधिक असे. १९१०–११ च्या सुमारास अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या तलावाचे पाणी विरंजक चूर्णाने निर्जंतुक करण्यात आले. गाळण्याची यंत्रणा व क्लोरीन यांची जोड मिळाल्यावर तेच पाणी दीर्घकाळ वापरणे शक्य झाले आणि पाणी बदलण्याची जागा पाणी तपासण्याने घेतली. मुंबईतील शिवाजी उद्यानाजवळचा महात्मा गांधी स्मारक जलतरण तलाव, पुण्याचा टिळक तलाव, नासिकचा वीर सावरकर जलतरण तलाव यांसारख्या सार्वजनिक तलावांमुळे महाराष्ट्रातील नागरी जनतेस पोहण्याची सोय झाली. जलतरण-तलावाच्या पाण्याच्या गुणवत्तेसाठी भामा ३३२८ हे भारतीय मानक आहे.

शिल्लक क्लोरीन मोजण्याच्या सुलभ पद्धतीही याच काळात विकसित झाल्या. पहिल्या महायुद्धकाळात ब्रिटिश सैन्यातील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांनी तयार केलेली पेटी पुढे भारतातील आरोग्य खात्यांत विहिरींसाठी रूढ झाली. तीत सहा पांढरे पेले, एक काळा पेला व दोन ग्रॅमचे चमचे असतात. पेल्यांतील पाण्यात विरंजक चूर्णाचा विद्राव चढत्या प्रमाणात घालून अर्ध्या तासाने पिष्टमय दर्शक टाकतात. ज्या पहिल्या पेल्यात स्पष्ट निळा रंग येतो, त्याच्या क्रमांकाइतके चमचे चूर्ण दर ४५५ लि. पाण्यास पुरते. पाण्याची क्लोरीनची भूक आधी भागते व मग शिल्लक उरते, हे तत्त्व या साध्या पेटीने खेडोपाडी पोहोचविले.

ऑर्थोटोलिडिन या विक्रियाकारकाची चाचणी १९१३ पासून प्रमाणित रूपात वापरात आली. क्लोरीनयुक्त पाण्यात ते टाकताच पिवळा रंग येतो. पहिल्या दहा सेकंदांतील रंग मुक्त क्लोरीन दर्शवितो, तर पंधरावीस मिनिटांनंतरचा रंग मुक्त व संयुक्त या दोहोंची बेरीज दर्शवितो. १९५७ मध्ये इंग्लंडमधील ए. टी. पॅलिन यांनी डीपीडी हे गुलाबी रंग देणारे विक्रियाकारक पुढे आणले. ते अधिक अचूक आहे आणि ऑर्थोटोलिडिन कर्करोगजनक असल्याचा संशय असल्याने जलतरण-तलावांसाठी आता तेच पसंत करतात.

कळवण परिसर : कळवण तालुका गिरणेच्या खोऱ्याच्या वरच्या भागात असून त्याच्या दक्षिणेस सातमाळा डोंगररांग आहे. गिरणेवरील चणकापूर धरण ब्रिटिश अमदानीतील आहे. तालुक्यात आदिवासींची वस्ती मोठी असून अनेक वाड्यापाड्यांचा पाणीपुरवठा विहिरींवर अवलंबून राहत आला आहे. घरगुती जलतरण-तलाव येथे सर्वसामान्य नव्हे. पोहणे शिकण्याची जागा म्हणजे विहीर, नदीचा डोह व अलीकडे प्लॅस्टिकचे अस्तर लावलेले शेततळे. असे असले, तरी तलावाच्या पाण्याचे रसायनशास्त्र या तालुक्यास परके नाही. राज्यातील इतर ग्रामपंचायतींप्रमाणे येथेही जलसुरक्षक पिण्याच्या पाण्यात विरंजक चूर्ण घालतो. उष्ण हवेत टिकावे म्हणून चुनकळी मिसळून स्थिर केलेल्या या चूर्णास खेड्यांत ‘टीसीएल’ हेच नाव रूढ आहे. घरच्या नळातील पाणी पिवळे होते की नाही, हे पाहण्याची चाचणी ‘ओटी’ या नावाने ओळखली जाते. ग्रामपंचायतींचे पावसाळ्यापूर्वी व नंतर स्वच्छता सर्वेक्षण करून जोखमीनुसार त्यांना लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे.

एका उदाहरणाने विहीर व घरगुती तलाव यांतील साम्य स्पष्ट होईल. ४ मी. व्यासाच्या विहिरीत ३ मी. पाणी असल्यास ते सु. ३७,७०० लि. भरते. दर १,००० लि. पाण्यास २·५ ग्रॅ. या सर्वसाधारण प्रमाणाने त्यास सु. ९४ ग्रॅ. ताजे विरंजक चूर्ण लागते. एक तासानंतर पाण्यात दर लिटरला किमान ०·५ मिग्रॅ. मुक्त क्लोरीन उरावा, अशी अपेक्षा असते. ८ मी. लांब, ४ मी. रुंद व सरासरी १·५ मी. खोल अशा घरगुती तलावात ४८,००० लि. पाणी मावते. त्यातील क्लोरीन दर लिटरला १ मिग्रॅ. वाढविण्यास ४८ ग्रॅ. क्लोरीन म्हणजे ३३ टक्के क्लोरीन असलेले सु. १४५ ग्रॅ. चूर्ण लागते. दोहोंचे गणित एकच आहे. फरक इतकाच, की विहिरीतील पाणी उपसले जाते व झिरपून नवे येते; तलावात ते साचून राहते.

चूर्णाचा गुण साठवणीवर अवलंबून असतो. ऊन, ओल व हवा यांनी त्यातील क्लोरीन निघून जातो आणि केवळ चुना उरतो. असे चूर्ण ठरल्या मापाने घातले, तरी पाणी निर्जंतुक होत नाही. माप घालणाऱ्याच्या हातात असते, पण परिणाम फक्त परीक्षणनळीत दिसतो. विहिरीत चूर्णाचे प्रमाण सतत राहावे म्हणून नागपूर येथील राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (स्थापना १९५८) दुहेरी मडक्यांची पद्धत सुचविली. एकात एक ठेवलेल्या दोन सच्छिद्र मडक्यांत एक किग्रॅ. विरंजक चूर्ण व दोन किग्रॅ. जाडी वाळू यांचे मिश्रण भरून ती विहिरीत सोडतात. घरगुती लहान विहिरीस ती दोन ते तीन आठवडे पुरतात. घरगुती तलावात क्लोरीनच्या वड्या तरंगत ठेवतात, त्यामागील कल्पना हीच आहे.

पीएच मूल्य व समतोल : पाण्याची अम्लता वा क्षारीयता अंकांत मांडण्याची पीएच ही मोजपट्टी कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील एस. पी. एल. सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये सुचविली. क्लोरीन पाण्यात विरघळल्यावर हायपोक्लोरस अम्ल बनते व त्याचा काही भाग हायपोक्लोराइट आयनाच्या रूपात जातो. यांपैकी अम्ल हे कित्येक पटींनी प्रभावी जंतुनाशक आहे. पीएच मूल्य ७·५ असताना दोहोंचा वाटा जवळजवळ निम्मानिम्मा असतो. ते ८ झाल्यास अम्लाचा वाटा पाव भागाहूनही कमी होतो. म्हणजेच चाचणीत क्लोरीन पुरेसा दिसत असूनही तो निष्प्रभ असू शकतो. याकरिता तलावाचे पीएच मूल्य साधारणतः ७·२ ते ७·८ ठेवतात. ते मोजण्यास फिनॉल रेड हा पिवळ्यापासून लाल रंगापर्यंत बदलणारा दर्शक वापरतात. मूल्य कमी करण्यास सौम्य केलेले अम्ल व वाढविण्यास धुण्याचा सोडा घालतात.

घाम व मूत्र यांतील नायट्रोजनयुक्त पदार्थांशी क्लोरीनची विक्रिया होऊन क्लोरामाइने बनतात. तलावाचा उग्र वास व डोळ्यांची जळजळ ही बहुधा त्यांमुळे उद्‌भवते. हा वास क्लोरीन फार झाल्याचे लक्षण आहे, असा सार्वत्रिक समज आहे. वास्तविक ते मुक्त क्लोरीन अपुरा पडल्याचे लक्षण असते. क्लोरीन एका ठराविक मर्यादेपलीकडे वाढविला असता ही संयुगे नष्ट होतात, हे १९३९ च्या सुमारास अमेरिकेतील संशोधनातून स्पष्ट झाले.

पाण्याचा स्वभाव केवळ जंतूंवरून ठरत नाही. अमेरिकेतील अभियंते विल्फ्रेड लँजेलियर यांनी १९३६ मध्ये पाणी कॅल्शियम कार्बोनेटाने संपृक्त आहे की नाही, हे दाखविणारा निर्देशांक मांडला. पीएच मूल्य, क्षारता, कॅल्शियमजन्य कठिनता, तापमान व विरघळलेले पदार्थ यांवरून तो काढतात. निर्देशांक शून्याजवळ असल्यास पाणी समतोल असते. धन असल्यास चुन्याचे पापुद्रे धरतात. ऋण असल्यास पाणी फरश्यांमधील सिमेंट व धातूचे नळ खाऊ लागते. शहरांच्या नळांसाठी केलेले हे संशोधन जलतरण-तलावांच्या व्यवस्थेचा पाया बनले. सर्वसाधारणपणे दर लिटरला एकूण क्षारता ८० ते १२० मिग्रॅ. व कॅल्शियमजन्य कठिनता २०० ते ४०० मिग्रॅ. असावी, असे मानतात.

कळवणसारख्या बेसाल्ट खडकाच्या प्रदेशात याचा प्रत्यय सहज येतो. विहिरीचे पाणी खडकाच्या भेगांतून झिरपताना कॅल्शियम व मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे घेऊन येते. ते नितळ पण जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही व साबणाचा फेस होत नाही. पावसाळ्यातील नदीचे पाणी गढूळ, परंतु त्यातील लवणे कमी. पहिल्या पाण्याने तलाव भरल्यास पापुद्रे धरण्याचा संभव अधिक आणि विरंजक चूर्णातील चुन्याने त्यात भरच पडते; दुसरे आधी निवळावे व गाळावे लागते. त्यामुळे कोठल्याही तलावास एकच ठरीव कृती लागू पडत नाही. भरलेल्या पाण्याची प्रथम तपासणी करूनच उपाय ठरवावा लागतो.

घरगुती तलावाचे परीक्षण : मुक्त क्लोरीन व पीएच मूल्य ही दररोज आणि क्षारता व कठिनता ही अधूनमधून तपासतात. पाण्याचा नमुना पृष्ठभागावरून न घेता कोपरभर खोलीवरून घेतात. प्रथम क्षारता, मग पीएच मूल्य व शेवटी क्लोरीन या क्रमाने दुरुस्ती करणे सोईचे असते, कारण क्षारता योग्य असल्यास पीएच मूल्य स्थिर राहते. वरील ४८,००० लि.च्या तलावाची क्षारता दर लिटरला १० मिग्रॅ. वाढविण्यास सु. ८०० ग्रॅ. खाण्याचा सोडा लागतो. मुक्त क्लोरीन सामान्यतः दर लिटरला १ ते ३ मिग्रॅ. राखतात. उन्हाने तो काही तासांत नाहीसा होत असल्याने उघड्या तलावात स्थिरीकरणासाठी सायन्यूरिक अम्ल वापरतात. मात्र ते फार साचल्यास क्लोरीनची क्रिया मंदावते. अम्ल व विरंजक चूर्ण कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यांतून विषारी क्लोरीन वायू निघतो. अम्ल पाण्यात ओतावे. अम्लात पाणी ओतू नये.

महत्त्व : परीक्षणाकडे दुर्लक्ष झाल्यास होणारी हानी डोळ्यांच्या जळजळीपुरती मर्यादित नसते. कोमट गोड्या पाण्यातील नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा नाकावाटे मेंदूत शिरून बहुधा प्राणघातक ठरणारा रोग निर्माण करतो. केरळ राज्यात २०२४ व २०२५ मध्ये अमीबाजन्य मेंदूज्वराचे अनेक रुग्ण आढळल्यावर तेथे विहिरी व जलाशय यांच्या क्लोरिनीकरणावर भर देण्यात आला. योग्य प्रमाणात टिकविलेला क्लोरीन या अमीबाचा नाश करतो. क्रिप्टोस्पोरिडियमासारखे काही परजीवी मात्र क्लोरीनला दाद देत नाहीत. त्यांच्यासाठी उत्तम गाळणी आणि जुलाब होत असलेल्या व्यक्तीने तलावात न उतरणे, हेच खरे उपाय आहेत.

निवळीपासून डीपीडीपर्यंतच्या या वाटचालीत साधने बदलली, तसा प्रश्नही बदलला. पूर्वी पाणी कसे दिसते हे पाहत. आता त्यात काय शिल्लक आहे हे मोजतात. ही शिल्लक कालच्या मापनावरून आज गृहीत धरता येत नाही. ऊन, पाऊस, उतरणाऱ्यांची संख्या व चूर्णाचा जुनेपणा यांनुसार ती रोज बदलते. म्हणून बंगल्यातील तलावाच्या काठी परीक्षणनळी धरणारा मालक आणि वाडीवरच्या नळाखाली तीच नळी धरणारा जलसुरक्षक हे दोघे एकच काम करीत असतात. पहिल्याच्या चुकीची झळ एका कुटुंबास व त्याच्या पाहुण्यांस लागते. दुसऱ्याच्या चुकीची साऱ्या वस्तीस.